ग्रीनवरचे पांढरे ठिपके आणि चालेनासे झालेले बुरशीनाशक

बडोद्याजवळच्या एका नऊ होलांच्या खासगी गोल्फ कोर्सची देखभाल पाहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. नवरात्रानंतर त्यांच्या चार ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी खाली कापलेल्या हिरवळीवर, रुपयाच्या नाण्यापासून छोट्या पुरीएवढे, पांढरट आणि किंचित खोलगट ठिपके पडू लागले. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी १२ टक्के कार्बेन्डाझिम व ६३ टक्के मॅन्कोझेब असलेली तयार भुकटी दर आठवड्याला फवारली. गेल्या वर्षी याच औषधाने पंधरवड्यात ठिपके गेले होते; यंदा पाच फवारण्या झाल्या तरी ते वाढतच आहेत आणि डिसेंबरअखेर स्पर्धा ठरलेली आहे. गवत टिफड्वार्फ (हरळीची बुटकी संकरित जात), कापणी ४ मिलिमीटरवर, पाणी रोज संध्याकाळी, आणि स्पर्धेपूर्वी ग्रीन मऊ पडू नये म्हणून पावसाळ्यानंतर नत्र जवळजवळ बंद. ‘याहून जालीम औषध कोणते?’ असे त्यांनी विचारले आहे.

औषधांची नावे मी पुढे देतो. मात्र आपल्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत: हा रोग नेमका कोणता, चालणारे औषध का चालेनासे झाले, आणि ग्रीन रोगाला इतकी सहज का बळी पडत आहे. पहिल्याचे उत्तर चुकले तर पुढची दोन्ही चुकतात, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. आपली ग्रीन मी पाहिलेली नाही. तिच्याखालची माती, पूर्वेकडची झाडे, पाण्याचा क्षार आणि माळ्यांची फवारण्याची पद्धत यांवर बरेच काही अवलंबून आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

वर्णनावरून हा डॉलर स्पॉट असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. हा रोग करणारी बुरशी १९३७ मध्ये स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा या नावाने नोंदली गेली. २०१८ मध्ये तिला क्लॅरिरीडिया या नव्या प्रजातीत हलवण्यात आले, त्यामुळे जुन्या व नव्या लेखनात दोन्ही नावे आढळतील. साधारण १५ ते ३० अंश तापमान, पानावर दीर्घकाळ टिकणारे दव, कोरडी मुळे आणि नत्राची उपासमार या चार गोष्टी एकत्र आल्या की ती फोफावते. आपल्याकडे अश्विन-कार्तिकात नेमके हेच घडते. पावसाने नत्र खाली वाहून गेलेले असते, रात्री गार होऊ लागतात, पहाटे ग्रीन पाण्याने न्हायल्यासारखी ओली असते, आणि खेळाचा हंगाम सुरू झाला म्हणून आपण गवत अधिक खाली कापू लागतो.

तरीही शक्यतेवर थांबू नये. सूर्योदयापूर्वी ग्रीनवर जाऊन गुडघ्यांवर बसावे आणि ठिपक्याच्या कडेचे पान भिंगाखाली पाहावे. डॉलर स्पॉटमध्ये पानावर मध्ये आक्रसलेला, डमरूसारखा फिकट डाग असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना तांबूस-तपकिरी रेघ दिसते. दव असताना ठिपक्यावर कापसासारखे पांढरे तंतूही दिसतात. ते कोळ्याच्या जाळ्याशी घोटाळण्याजोगे असतात, पण जाळे पानांच्या वर सपाट ताणलेले असते, तर बुरशीचे तंतू पानांच्या मधून, खालून वर चढलेले असतात. खात्री होत नसेल तर ठिपक्याच्या कडेवरून, अर्धे रोगट व अर्धे निरोगी गवत येईल असा छोटा गोल काढावा, ओलसर कागदासह पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून रात्रभर सावलीत ठेवावा आणि सकाळी पाहावा. प्रयोगशाळेकडे पाठवायचा नमुना मात्र वर्तमानपत्रात कोरडा गुंडाळावा, त्यावर पाणी मारू नये, आणि तो फवारणीच्या आधी काढावा. आणंद कृषी विद्यापीठ आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील वनस्पती रोगशास्त्राच्या मंडळींना सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा निश्चितच विश्वसनीय असेल.

मी याचा इतका आग्रह का धरतो, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावच्या कोर्सवर, जुलैच्या एका पहाटे मला ग्रीनवर असेच पांढरे तंतू दिसले. मी डॉलर स्पॉट समजून युरिया दिला, कार्बेन्डाझिम फवारले आणि निर्धास्त झालो. तो पिथियम होता. पावसाची झड, रात्रीही २५ अंशांच्या आसपास तापमान आणि साचलेले पाणी, ही सगळी लक्षणे समोर असताना मी ती वाचली नाहीत. पाने तेलकट, काळपट होऊन एकमेकांना चिकटली, आणि रोग पाण्याच्या उताराने व मोअरच्या चाकांनी पसरत तीन दिवसांत ग्रीनचा उतारावरचा निम्मा भाग बसला. पिथियम ही खऱ्या अर्थाने बुरशीच नव्हे. ती शेवाळांना जवळच्या वेगळ्या कुळातील आहे आणि तिच्यावर कार्बेन्डाझिमचा काहीही परिणाम होत नाही. तिला मेटालॅक्झिल, प्रोपामोकार्ब किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम या वेगळ्या गटांतील औषधे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मी दिलेल्या युरियाने तिला बळ मिळाले. डॉलर स्पॉटला नत्र दिले की गवत सावरते, तर पिथियमला दिले की कोसळते. डॉलर स्पॉटमध्ये मुळे कोरडी पडू देणे घातक, आणि पिथियममध्ये ती ओली राहू देणे घातक. एकच गवत, एकसारखे दिसणारे तंतू आणि उपाय एकमेकांच्या उलट, म्हणून रोगाचे नाव पक्के झाल्याखेरीज डब्याचे झाकण उघडू नये असे मी आजही माझ्या माळ्यांना सांगतो.

पावसाळ्यात ढगाळ हवेत येणारा तिसरा रोग म्हणजे बायपोलॅरिसचा करपा. त्यात ग्रीनवर वेगळे ठिपके न दिसता सर्वत्र विरळपणा येतो आणि पानांवर बारीक जांभळट-तपकिरी बुट्टे दिसतात. पालाश कमी असलेल्या हरळीवर तो हमखास वाढतो. आपल्या वर्णनात तो बसत नाही, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

आता दुसरा प्रश्न, गेल्या वर्षी चाललेले औषध यंदा का चालेना? कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतील एकाच प्रथिनाला पकडून पेशीविभाजन थांबवते. त्या प्रथिनात एक छोटासा बदल झालेली बुरशी लाखांत एखादी असते आणि तिला हे औषध पकडूच शकत नाही. आपण दर आठवड्याला तेच औषध फवारतो, तेव्हा इतर सर्व बुरशी मरते आणि त्या एकीला मोकळे रान मिळते. या गटाला दाद न देणारा डॉलर स्पॉट अमेरिकेतील गोल्फ कोर्सवर १९७० च्या दशकातच आढळला होता, म्हणजे ही औषधे आल्यावर थोड्याच वर्षांत. या प्रतिकाराचे वैशिष्ट्य असे की तो थोडाथोडका नसतो. मात्रा दुप्पट केली तरी उपयोग होत नाही, आणि औषध बंद केल्यानंतरही तो अनेक वर्षे टिकून राहतो. आपल्या भुकटीतील मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर काम करते, त्याला असा प्रतिकार सहसा होत नाही, पण डॉलर स्पॉटवर एकट्या मॅन्कोझेबचा जोर अपुरा पडतो.

मात्र दोष प्रतिकाराचाच आहे की फवारणीचा, हे आधी तपासावे. एक मीटर लांब-रुंद प्लायवुडचा तुकडा रोगट भागावर ठेवून भोवती व्यवस्थित फवारावे आणि मग तो उचलून घ्यावा. दहा-बारा दिवसांनी झाकलेला चौकोन आणि फवारलेला भाग सारखेच दिसले, तर ते औषध आपल्या ग्रीनवर संपले असे समजावे. चौकोनात रोग जास्त आणि बाहेर कमी असेल, तर औषध अजून चालते आहे, पण ते सर्वत्र नीट पोहोचत नाही किंवा रोगाचा जोर त्याच्या आवाक्याबाहेर आहे. मी प्रत्येक नव्या औषधासाठी हा चौकोन ठेवतो. इतक्या कमी खर्चात इतके शिकवणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

औषध निवडताना बाटलीवरचे व्यापारी नाव बाजूला ठेवून आतल्या घटकाचा गट पाहावा, कारण तीन वेगळ्या नावांनी एकच गट विकत घेऊन ‘आलटून पालटून’ फवारणारे अनेक जण मी पाहिले आहेत. डॉलर स्पॉटसाठी क्लोरोथॅलोनिल हे स्पर्शजन्य औषध पाया म्हणून चांगले आहे. ते पानावरच राहते आणि आपण रोज पान कापतो, म्हणून त्याचे संरक्षण सात ते दहा दिवसांपलीकडे धरू नये. त्याच्या जोडीला आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणाऱ्या, गटांपैकी एक घ्यावा. प्रोपिकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल हा ट्रायझोल गट, आणि फ्लुक्सापायरोक्साड किंवा बोस्कॅलिड यांचा गट, हे दोन्ही या रोगावर उपयोगी आहेत. बोस्कॅलिड व फ्लुक्सापायरोक्साड बाजारात बहुधा पायराक्लोस्ट्रोबिनसोबत मिसळून मिळतात. केवळ अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन घेऊ नये. अनेक रोगांवर ते उत्तम आहे, पण डॉलर स्पॉटवर ते चालत नाही, आणि महाग असल्यामुळे ‘जालीम’ म्हणून दुकानदार तेच पुढे करतात.

ट्रायझोलबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. हा गट बुरशीसोबत गवताच्या वाढीलाही लगाम घालतो. टिफड्वार्फसारख्या बुटक्या जातीवर उन्हाळ्यात तो पुन्हा पुन्हा मारला तर पान निळसर व राठ होते, ग्रीन विरळ होते आणि चेंडूचे वळ भरून येत नाहीत. आत्ताच्या हवेत एक फवारणी चालेल; थंडी पडल्यावर दुसरी करू नये, कारण तेव्हा वाढ आधीच मंदावलेली असते. माझा क्रम असा राहील: या आठवड्यात क्लोरोथॅलोनिल व प्रोपिकोनॅझोल एकत्र, दहा-बारा दिवसांनी केवळ क्लोरोथॅलोनिल, पहिल्या फवारणीनंतर तीन आठवड्यांनी फ्लुक्सापायरोक्साडचे मिश्रण, आणि त्यानंतर ठिपके वाढताना दिसले तरच पुढची फवारणी. कार्बेन्डाझिम या ग्रीनवर निदान काही वर्षे विसरावे.

आंतरप्रवाही या शब्दानेही गैरसमज होतो. यातील बहुतेक औषधे झाडात फक्त खालून वर चढतात, पानावर फवारलेले औषध मुळांकडे उतरत नाही; फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम हा त्यातला मोठा अपवाद. म्हणून पानांच्या रोगासाठी औषध पानावर वाळू द्यावे, आणि मुळांच्या रोगासाठी मात्र फवारल्याबरोबर तीन ते सहा मिलिमीटर पाणी देऊन ते खाली उतरवावे. आपला रोग पानांचा आहे, तेव्हा फवारणीनंतर चोवीस तास कापणी आणि पाणी दोन्ही थांबवावे.

मात्रेच्या बाबतीत ‘लिटरला दोन ग्रॅम’ ही शेतातली सवय येथे फसवते. गवतावर मात्रा क्षेत्रफळानुसार मोजावी लागते. आपली ग्रीन ४५० चौरस मीटर असेल तर ती हेक्टरचा ०.०४५ भाग झाली; लेबलवर हेक्टरी १,००० ग्रॅम लिहिले असेल तर या ग्रीनला ४५ ग्रॅम लागतील, मग माळी पाणी कितीही वापरो. पाणी साधारणपणे १,००० चौरस मीटरला ४० ते ८० लिटर असावे. ६० लिटर धरल्यास आपल्या ग्रीनला २७ लिटर, म्हणजे १६ लिटरचा एक पूर्ण पंप आणि दुसऱ्यात ११ लिटर. फवारण्यापूर्वी नुसते पाणी भरून १०० चौरस मीटर मोजलेल्या जागेवर माळ्याच्या नेहमीच्या चालीने फवारून पाहावे, आणि सहा लिटर संपतात का ते बघावे. मी हे करून पाहिले तेव्हा एकाच कोर्सवरच्या दोन माळ्यांमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक निघाला होता. नोझल पंख्यासारखा सपाट फवारा देणारे असावे. झाडांच्या फवारणीचे पोकळ शंकूचे नोझल धुके उडवते आणि गवताच्या बुडाशी औषध कमी पोहोचते.

लेबलवरील पिकांची यादी अवश्य वाचावी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधांची नोंदणी विशिष्ट वापरासाठी होते, आणि आपल्याकडे त्या यादीत भात, द्राक्ष, मिरची असते. हिरवळ बहुधा नसते. अशा वेळी केवळ दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता विद्यापीठाचा लेखी सल्ला घ्यावा आणि फवारणीची नोंदवही ठेवावी. जुन्या पुस्तकांत डॉलर स्पॉटसाठी बेनोमिल व फेनारिमोल वाचनात येईल. त्या दोन्हींवर २०१८ पासून भारतात बंदी आहे. युरोपीय संघाने क्लोरोथॅलोनिलची मान्यता २०१९ मध्ये आणि मॅन्कोझेबची २०२० मध्ये पुढे वाढवली नाही, हेही लक्षात असू द्यावे. या औषधांवर कायमची भिस्त ठेवण्याचे दिवस सरत आले आहेत, असे मला वाटते.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या ग्रीनची खरी दुखरी जागा हीच आहे. बुरशीनाशक रोगाचा फैलाव थांबवते, पण पांढरे पडलेले पान पुन्हा हिरवे करत नाही. ठिपका भरून येतो तो नव्या पानांनी, आणि नव्या पानाला अन्न लागते. डिसेंबरच्या मध्यानंतर बडोद्यात रात्री १२ ते १४ अंशांवर आल्या की हे गवत वाढणे जवळजवळ थांबवते. म्हणजे ठिपके भरून यायला आपल्या हाती चार-पाच आठवडेच आहेत. रोगनिदान पक्के झाले की दर आठवड्याला चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नत्र द्यावे. ४५० चौरस मीटरच्या ग्रीनसाठी ते सुमारे ४९० ग्रॅम युरियातून किंवा सुमारे १ किलो ७० ग्रॅम अमोनियम सल्फेटमधून मिळते. ते पाण्यात विरघळवून फवारावे आणि लगेच हलके पाणी देऊन पानावरून धुवावे. बुरशीनाशकाच्या दिवशी देऊ नये. इतक्या थोड्या नत्राने ग्रीन मऊ पडत नाही. नत्र पूर्ण तोडून चेंडूला वेग मिळवण्याची जी पद्धत आहे, तिची किंमत आपण आत्ता औषधांच्या बिलात भरत आहात.

संध्याकाळचे पाणी आजच बंद करावे. संध्याकाळी ओले झालेले पान थेट दवात शिरते आणि चौदा-पंधरा तास ओले राहते. पाणी पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधी, पण मुळांपर्यंत पोहोचेल इतके द्यावे, म्हणजे दव आणि पाणी एकदमच वाळते. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी लांब बांबूच्या काठीने किंवा दोन माणसांनी दोर ओढून दव झाडावे, किंवा पहाटेच कापणी करावी. कापणी ४ वरून ५ मिलिमीटरवर न्यावी आणि चेंडूचा वेग हलका रोलर फिरवून राखावा. नियमित हलक्या रोलिंगने डॉलर स्पॉट कमी होतो, असे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगांत दिसले आहे, आणि माझा अनुभवही तसाच आहे. पूर्वेकडे दाट निंब-पिंपळ असतील तर सकाळचे ऊन ग्रीनवर किती वाजता पोहोचते ते घड्याळ लावून पाहावे. चारपैकी सर्वांत वाईट ग्रीन बहुधा तीच निघेल जिच्यावर ऊन सर्वांत उशिरा येते. फांद्या विरळ करण्याची परवानगी मिळवणे कठीण असते, तरी ती मागावीच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढ पुन्हा सुरू झाली की ग्रीनला भोके पाडून, मेलेल्या देठांचा दाट थर खरवडून ओरसंग नदीच्या चाळलेल्या वाळूचे टॉपड्रेसिंग करावे, म्हणजे तिचा पातळ थर पसरावा. वाळूत पूर्ण कुजलेले, बारीक चाळलेले कंपोस्ट पाचवा हिस्सा मिसळले तर मला त्याचा लाभ दिसला आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला ज्या कंपोस्टचा अभ्यास केला, त्याच्या ‘इंदूर पद्धती’ची आठवण मला अशा वेळी होते. रोग हा पिकाच्या पोषणातील बिघाडाचा निर्देशक आहे, हा त्यांचा आग्रह मी पूर्णपणे स्वीकारत नाही, पण डॉलर स्पॉटच्या बाबतीत तो बराच खरा आहे. अर्धकच्चे खत मात्र ग्रीनवर चुकूनही घालू नये.

शेवटी काळजीच्या दोन गोष्टी. क्लोरोथॅलोनिल माशांना अत्यंत विषारी आहे, म्हणून तळ्याकडे किंवा विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या ओढ्याकडे उतार असलेल्या ग्रीनवर पावसाचा अंदाज असताना ते फवारू नये आणि पंप तेथे धुऊ नयेत. दुसरी गोष्ट म्हणजे कापलेले गवत. अनेक कोर्सवरून ते गाईगुरांना दिले जाते. फवारणी सुरू असलेल्या ग्रीनचे गवत गोशाळेत जाता कामा नये, ते वेगळे कुजवावे. भाद्रपदात आसपासच्या घरांतील मंडळी गणपतीसाठी कोर्सच्या कडेने दूर्वा खुडायला येतात. तेव्हा ग्रीनभोवतीच्या हरळीवर फवारा उडालेला असतो, हे त्यांना प्रत्यक्ष सांगावे आणि न फवारलेला एक कोपरा त्यांच्यासाठी राखून ठेवावा. माळ्यांना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आपण स्वतः द्यावेत.

पिशवीत ठेवलेल्या गवतावर सकाळी काय दिसले आणि प्लायवुडच्या चौकोनाचा दहाव्या दिवशीचा निकाल काय आला, हे कळवलेत तर पुढची फवारणी करावी की टाळावी, ते आपण त्यावरून ठरवू.